उपासाला चालेल असं

"हेमंतभाऊ, उंदीर-बिंदीर मेलाय काय हितं?" शमीमनं दारातच ओढणीचं टोक नाकाला लावलं.

"उंदीर नाही. फ्लॉवर उकडतोय."

"लॅबमधी?"

"घरी वास येईल."

शमीम आमच्या लॅबमध्ये पेशंटची नावं लिहायची, रिपोर्ट टाइप करायची आणि मी चुकलो की तोंडावर सांगायची. कराडला मंडईमागच्या बोळात पहिल्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची लॅब होती. पुढच्या खोलीत रक्त घ्यायचं, मागच्या खोलीत तपासायचं आणि त्याच मागच्या खोलीच्या कोपऱ्यात चहासाठी गॅस होता. त्या गॅसवर, चहाच्याच पातेल्यात, मी फ्लॉवरचे तुरे शिजवत होतो. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. घटस्थापनेची सकाळ होती, सात वाजत आले होते आणि उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं अजून जिन्यावर दिसायला लागली नव्हती.

"घरी वास आला तर काय बिघडतंय?" शमीमनं विचारलं.

"आत्याचे नवरात्राचे उपास आहेत. नऊ दिवसांचे."

तिनं शेजारच्या डब्यातले सोललेले बटाटे पाहिले, चहाचं गाळणं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. शमीम रोज्यांचा पूर्ण महिना पाळणारी बाई. तिला उपास म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुमच्यात उपासाला फ्लॉवर चालत न्हाई की."

"म्हणून तर दिसू द्यायचा नाही. बटाट्यात असा मिसळायचा की ब्रह्मदेवाला कळू नये."

"त्यांना विचारलंय?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग न्हाईच की ते," ती म्हणाली आणि खिडकी उघडायला गेली.

मला तिचा राग आला. तिला काय माहीत, आमच्या घरी काय चाललंय? खरं तर तिला सगळं माहीत होतं. आत्याचे रिपोर्ट तिनंच टाइप केले होते.

आत्या म्हणजे शकूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला चार वर्षांत परत पाठवलं. तेव्हापासून ती कराडातच होती, ब्लाउज शिवत होती आणि बोळातल्या मुलींना शिवण शिकवत होती. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली. वडील ट्रक चालवायचे, ते मला आत्याकडं ठेवून भिवंडीला गेले, तिकडंच त्यांनी दुसरं लग्न केलं आणि मी आत्याकडं राहिलो तो राहिलोच. मला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बापाला नको झालेलं पोर आत्याच्या गळ्यात पडलं होतं. ती असं कधी बोलली नाही, पण बोलायला कशाला हवं? शिलाईच्या पैशांत दोन तोंडं कशी भागतात ते मी बघत होतो. तिच्यासाठी काहीतरी करून दाखवायचं, हे माझ्या डोक्यात फार आधीपासून होतं.

त्या वर्षी ती संधी चालून आली. आत्याला साखरेचा आजार जडून दहा वर्षं झाली होती. आदल्या नवरात्रात ती नेमाप्रमाणं नऊ दिवस अनवाणी फिरली, डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं, ती जखम भरली, पुन्हा चिघळली आणि वर्षभरानं अंगठा काळसर दिसायला लागला. डॉक्टर गुजरांनी पाय हातात घेऊन बघितला आणि तिच्यासमोरच मला सांगितलं, "हेमंत, दसरा झाला की दाखवायला आण. साखर दोनशेच्या आत आलेली असेल तर अंगठा वाचवू. नसेल तर काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल."

"अंगठा गेल्यावर मशीन कशानं हाणू?" आत्यानं विचारलं. तिचं मशीन पायाचं होतं.

घरी आल्यावर आमची खडाजंगी झाली. मी म्हटलं, यंदा उपास नाही. ती म्हणाली, उपास हायच. मी म्हटलं, लोक उठता-बसता करतात, पहिला दिवस आणि शेवटचा, तसा कर. ती म्हणाली, लोकांचं लोकांपाशी. नऊ दिवस दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी आणि तुपातला बटाटा खाऊन साखर दोनशेच्या आत कशी येणार, हे मी तिला कागदावर लिहून दाखवलं. तिनं कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

शेवटी तोडगा निघाला. अनवाणी फिरायचं, पण जाड मोजे घालून, कारण मोजे म्हणजे चप्पल नव्हे. साबुदाणा बंद. बटाटा चालू, पण तो मी करून देणार.

"तू?" ती हसली. "तुला कुकरची शिट्टी लावता येत न्हाई."

"शिकेन."

"कर बाबा. पर एक हाय. माझ्या उपासाला चालंल असंच कर."

"हो," मी म्हटलं.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एक छापील कागद दिला होता. बटाट्याशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी त्यात एक युक्ती होती. अर्धा बटाटा, अर्धा फ्लॉवर, दोन्ही मऊ शिजवून एकजीव कुस्करायचं, लोण्याऐवजी साय काढलेलं दूध घालायचं. चव बटाट्याची राहते आणि साखर निम्म्यानं कमी चढते. माझ्यासारख्या आकड्यांत जगणाऱ्या माणसाला ते एकदम पटलं. फ्लॉवर उपासाला चालत नाही हे मला माहीत होतं. पण मी स्वतःशी हिशेब केला. तिला कळणार नाही म्हणजे तिचा उपास मोडणार नाही. पाप लागलंच तर मला लागेल, आणि मी कुठला देवभोळा? अंगठा तेवढा वाचेल.

तर असा तो फ्लॉवर मी गाळण्यातून घासून काढला, बटाट्यात कालवला, सैंधव, जिऱ्याची पूड आणि दूध घालून लोण्यासारखा गोळा केला. चव घेतली. खोटं कशाला बोलू, छान लागत होतं. सकाळची गर्दी ओसरली की साडेनऊला मी चहाला घरी जायचो, तेव्हा डबा घेऊन गेलो.

आत्यानं घट बसवला होता. परडीतल्या मातीत धान पेरलेलं, वर तांब्या, नारळ, विड्याची पानं, बाजूला समई. ती पायात माझे करडे मोजे घालून पाटावर बसली होती. मी वाटी पुढं केली.

"काय हे? खीर का काय?"

"बटाटा. तूप नाही, काही नाही. खाऊन तर बघ."

तिनं घासभर तोंडात घातलं, चावायला काही नव्हतंच, जीभ फिरवली. "गोड लागतंय की रं," ती म्हणाली आणि सगळी वाटी संपवली. "सकाळ-संध्याकाळचं एकदमच करून आणत जा. मी दिवा लावून खात जाईन."

त्या दिवशी लॅबमध्ये जाताना मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

पुढचे दिवस याच क्रमानं गेले. पहाटे उठून आत्याचं रक्त घ्यायचं, लॅबमध्ये जाऊन फ्लॉवर शिजवायचा, शमीमची बोलणी खायची, साडेनऊला डबा घरी पोचवायचा. साखरेच्या गोळ्या मी स्वतः आत्याच्या हातावर ठेवायचो आणि तिनं पाण्याबरोबर गिळलेल्या बघूनच निघायचो, कारण गोळ्यांच्या बाबतीत तिचा भरवसा नव्हता. डबा मात्र ती हातातून घेऊन बाजूला ठेवायची. "माळ बांधायची राहिलीय. बांधून खाते." रात्री आठला मी परत आलो की डबा घासून पालथा घातलेला असायचा.

घटस्थापनेच्या सकाळी साखर दोनशे अडुसष्ट होती. तिसऱ्या दिवशी दोनशे एकतीस. पाचव्या दिवशी एकशे बहात्तर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं आकडे लिहीत होतो. सातव्या दिवशी एकशे अठरा आले तेव्हा मी लॅबच्या मशीनवर नमुना पुन्हा लावला. पुन्हा एकशे अठराच. मी रिपोर्ट घेऊन धावतच डॉक्टर गुजरांकडं गेलो.

"अरे वा! केलंस काय तू?"

मी फ्लॉवरची युक्ती सांगितली. ते मोठ्यानं हसले. "आणि खातात ना नीट? पोटभर?"

"डबा चाटून-पुसून," मी म्हटलं.

लॅबमध्ये परत येऊन मी शमीमपुढं तो कागद नाचवला. तिनं आकडा वाचला, मला वाटलं आता तरी काही बरं बोलेल.

"लईच उतरली," ती म्हणाली. "आमच्यात रोज्याला साखर अशी उतरती, दिवसभर पोटात काय नसलं की."

"ती खातेय, शमीम. मी करून देतोय ना."

"बरं," ती म्हणाली.

आता मागं वळून बघताना माझं मलाच नवल वाटतं. दिसायचं ते सगळं दिसत होतं. बोळात रोज दहाच्या सुमाराला एक बाई गाय घेऊन यायची. बायका तिच्याकडून पेंढी विकत घेऊन गाईला घालायच्या, पाया पडायच्या. सहाव्या दिवशी मी जरा उशिरा निघालो तर ती गाय आमच्या दारात पुढचे पाय रोवून उभी. बाई दावं ओढतेय आणि गाय आमच्या उंबऱ्याकडं जीभ काढतेय.

"चल गं बया! रोजचंच झालंय हिचं," बाई म्हणाली.

"हिलाही घटाचं दर्शन हवंय," मी थट्टा केली.

"वळखीची झालीया," आत्या आतून म्हणाली. "तू जा, तुला उशीर हुतोय."

तिचा चेहरा उतरला होता. बोळातल्या बायका म्हणत होत्या, शकूताईंच्या तोंडावर काय तेज आलंय बघा नवरात्राचं. मी मनात म्हटलं, तेज कसलं, वजन कमी झालंय, चांगलंच आहे.

अष्टमीच्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर घरी आलो. आमच्या घटाची अष्टमीची आरती म्हणजे बोळातल्या पाचसहा बायका हमखास. शेजारच्या रत्नामामी टाळ घेऊन पुढं होत्या. आत्या हातात निरांजनाचं ताट धरून उभी होती. आरती निम्म्यावर आली तेव्हा ताट हलायला लागलं. आधी थोडं, मग असं की निरांजन घरंगळून खाली पडलं. आत्याचं सगळं अंग थरथरत होतं. कपाळावरून घाम गळत होता, कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. ती मटकन खाली बसली आणि डोकं घुमवल्यासारखं हलवत काहीतरी पुटपुटायला लागली.

"आई आली!" रत्नामामी ओरडल्या. "आई आली गं बाई! अष्टमीला आली!"

टाळ जोरात वाजायला लागले. कुणीतरी आत्याच्या कपाळाला मळवट भरला. एकीनं खणानं ओटी भरली. रत्नामामींनी पदर पसरला. "आई, माझ्या सुनेला दोन वर्षं झाली. कूस कधी उजवायची, सांग."

आत्या कुणाकडं बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते. बायका वाकल्या, टाळ थांबले आणि ते शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"न्हेऊ नका. पोराला न्हेऊ नका."

"कुणाच्या पोराला, आई?" रत्नामामींचा आवाज फाटला. प्रत्येकीनं आपापल्या पोराचं नाव मनात घेतलं असणार.

"माझं हाय ते. न्हेऊ नका."

आणि मी काय करत होतो? रोज साठ माणसांचं रक्त तपासणारा, देवभोळा नसलेला मी, दाराशी हात जोडून उभा होतो. अगदी खरं सांगतो. माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, देवीला कळलं. फ्लॉवरचं तिला कळलं आणि ती आता सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. मी मनातल्या मनात माफी मागत होतो. आरतीचं एक कडवं म्हणून होईल एवढा वेळ मी तसा उभा राहिलो. ती मिनिटं मी अजून कुणाला सांगितली नव्हती.

मग आत्यानं हात पुढं केला आणि माझं मनगट पकडलं. तो हात बर्फासारखा गार आणि ओला होता. ती गार ओल मला ओळखीची होती. महिन्यापूर्वीच आमच्या लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ गोळी घेऊन, काही न खाता, दोन तास रांगेत बसले होते आणि असेच कोसळले होते.

"सरका," मी ओरडलो. "सगळ्या बाजूला सरका!"

"हेमंत, आईला शिवू नको," रत्नामामी म्हणाल्या.

"ती आई नाही, मामी. माझी आत्या आहे."

पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं. सुई दोनदा चुकली. आकडा आला एकेचाळीस. घटासमोर नैवेद्याची खडीसाखर ठेवली होती. ती मुठीनं उचलली, तांब्यातल्या पाण्यात वाटीत चुरली आणि चमच्यानं तिच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडत राहिलो. "गिळ, आत्या. गिळ गं." पहिले दोन चमचे ओठांतून बाहेर आले. तिसरा घशाखाली गेला. बायका भिंतीला टेकून बघत होत्या. रत्नामामींनी न सांगता पंखा घेतला आणि वारा घालायला लागल्या.

पंधरा मिनिटांनी आत्यानं डोळे नीट उघडले. मळवटाला हात लावला, मांडीवरचा खण बघितला.

"हे काय? कुणाची ओटी भरलीया?"

"तुमचीच," रत्नामामी म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

बायका गेल्यावर मी डॉक्टर गुजरांना फोन केला. त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या, दर दोन तासांनी खायला घाल म्हणाले. मी दूध गरम करून तिच्यापुढं बसलो. ती ते प्यायली. मग मी विचारलं, "आत्या, आज काय खाल्लंस?"

तिनं रिकामा पेला खाली ठेवला.

"काल काय खाल्लंस?"

"ताक पीत हुते की. शेंगदाणं खाल्ले चार."

"आणि डबा?"

"त्या गाईनं खाल्ला." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "रोज. टाकला न्हाई कधी, हेमू. गोमातेच्या मुखी घातला."

मला सगळे लाल आकडे डोळ्यांपुढं दिसायला लागले. दोनशे एकतीस, एकशे बहात्तर, एकशे अठरा. एकही आकडा चुकीचा नव्हता. माझी आत्या उपाशी होती आणि मी तिच्या हातावर रोज गोळ्या ठेवत होतो, गिळल्या की नाही ते बघत होतो, आणि कॅलेंडरवर तिची उपासमार लिहून ठेवत होतो. मला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि त्यातलं काहीच जमलं नाही.

"मशीनच्या खणात बटणांची डबी हाय, आण जरा," ती म्हणाली.

मी आणली. तिनं बटणं चाळवली आणि कागदाची एक पुडी काढून माझ्या तळहातावर उघडली. आत एक सुकलेला, पिवळट, बटणाएवढा तुकडा होता. फ्लॉवरच्या दांड्याचा. गाळण्यातून कसा निसटला होता कोण जाणे.

"दुसऱ्या दिवशी दाताखाली आला," ती म्हणाली. "वाटलं तुला दावावा. मग म्हटलं नगं."

"का पण? मला शिव्या घालायच्या होत्यास. डबा फेकायचा होतास माझ्या अंगावर!"

"तू बोळातनं उड्या मारत यायचास डबा घेऊन. शाळेतनं चित्र काढून आणल्यावर यायचास तसा. त्या तोंडाला काय सांगू?" तिनं तुकडा कागदावर बोटानं सरकवला. "आन् दुसरं म्हंजे, मी बोलले असते तर तू जाणूनबुजून केलंस असं झालं असतं. आईला मी सांगितलं, पोराच्या हातनं चुकून पडलं. उपास त्याच्यासाठीच हाय आन् त्याच्याच हातनं मोडला असं कसं सांगू?"

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

मी सहा वर्षांचा असताना, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, माझे वडील भिवंडीहून मला न्यायला आले होते. मला हे अजिबात आठवत नव्हतं. नवी बायको घरात आली होती, पोराला आपल्यापाशी नेतो म्हणाले. आत्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वडील म्हणाले, शकू, पोरगं माझं आहे. त्यांनी माझे कपडे पिशवीत भरले आणि मला एस.टी. स्टँडवर घेऊन गेले. आत्या मागं गेली नाही. ती घटासमोर बसली आणि तिनं नवस केला. हे पोर माझ्यापाशी ठेव, जिवंत असेपर्यंत नवरात्राचे नऊ दिवस उपास धरीन, पायात वहाण घालणार नाही.

"तासाभरानं दादा तुला घेऊन परत आला. एस.टी. सुटायच्या आधीच तू सगळ्या अंगावर उलटी केलीस. म्हणाला, ऱ्हाऊ दे वर्षभर, पुढच्या साली न्हेतो." आत्यानं पुडी बंद केली. "पुढच्या साली त्याला दुसरं पोरगं झालं. मी नऊ दिवस उपास धरला. त्याच्या पुढच्या सालीबी. तो काय आला न्हाई परत."

अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला गळ्यात पडलेलं पोर समजत होतो. आणि ही बाई दर वर्षी नऊ दिवस अनवाणी फिरत होती ती मला कुणी नेऊ नये म्हणून. काळा पडलेला अंगठा मोज्यातून दिसत नव्हता, पण मला दुसरं काही दिसत नव्हतं. तेव्हा मात्र मी रडलो, अगदी हुंदके देऊन. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दूध आन आनखी थोडं. भूक लागलीया."

अंगठ्याचं काय झालं ते सांगून टाकतो. तो वाचला, पण दसऱ्याला लगेच नाही, त्याला पुढची संक्रांत यावी लागली. डॉक्टर गुजरांनी मला दारं बंद करून जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. गोळ्या बदलल्या, रोज जखम धुतली, साखर हळूहळू आणि खाऊनपिऊन उतरवली. अंगठ्याचं नख मात्र पुन्हा आलं नाही. मशीन आत्यानं पुढं तेरा वर्षं चालवलं.

मला सांगायची आहे ती नवमीची सकाळ. लॅबला मी सुट्टी टाकली होती, शमीमला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आता तरी इचारा." मी मंडईतून बटाटे आणले आणि स्वयंपाकघरात पाट मांडून आत्याला समोर बसवलं.

"आज तुझ्यासमोर करतो. तू सांगशील ते घालतो."

"नुसता बटाटा नगं. साखर चढंल," ती म्हणाली.

"मग काय घालू? फ्लॉवर तर चालत नाही."

"तांबडा भोपळा चालतो की."

"उपासाला?"

"चालतो. आई माझी भोपळ्याचं भरीत करायची उपासाचं, दही घालून. दुधीबी चालतो." तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, शिवणाच्या क्लासात एखाद्या मुलीनं बाही उलटी लावली की बघायची तसं. "एकदा इचारलं असतंस तर सांगितलं असतं की रं."

मी पुन्हा मंडईत गेलो आणि भोपळ्याची फोड आणली. अर्धा बटाटा, अर्धा भोपळा. वाफेवर शिजवलं आणि परातीत घेऊन हातानं कुस्करायला बसलो. प्रत्येक गोष्ट विचारत होतो.

"जिरं?"

"चालतं."

"कोथिंबीर?"

"आपल्यात चालती. रत्नीकडं चालत न्हाई."

"हिंग?"

"हिंग न्हाई. दाण्याचं कूट घाल चमचाभर. दही घाल. बास, बास. मीठ सैंधवच ना?"

"सैंधवच."

केशरट रंगाचा मऊ गोळा झाला. आत्यानं त्यातला घासभर घटासमोर ठेवला आणि परत येऊन बसली. मी वाटी पुढं केली. या वेळी मी उठलो नाही. ती एकेक घास खात होती आणि मी बघत होतो. वाटी संपत आल्यावर मला राहवेना.

"आत्या, पहिल्या दिवशी तू सगळी वाटी खाल्लीस. दुसऱ्या दिवशीही घास पोटात गेलाच. मग नवस मोडला ना तुझा?"

तिनं बोटं चाटली. परातीकडं बघितलं, माझ्या कोपरापर्यंत भोपळ्यानं बरबटलेल्या हातांकडं बघितलं.

"मोडला असता," ती म्हणाली, "तर तू हितं बटाटं कुस्करत बसला असतास व्हय?"

आणि तिनं रिकामी वाटी माझ्यापुढं केली.